आपली मिना सुखरूप आहे

वुपरताल, ऑक्टोबर संपता संपता

ती. इर्मगार्डताईस,

धाकट्या फ्रिडहेल्मचा, गुडघा परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. इकडे मी बरा आहे. सर्दी आहे, पण ती या गावात सगळ्यांनाच असते, तिला माझं दुखणं म्हणता येणार नाही. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसतेच शेजारणींना करून दाखवतेस? हूसुमला समुद्राचा वारा खिडक्या बंद असतानाही घरात शिरतो आणि पडदे जागेवर राहत नाहीत, असं तू मागच्या दोन्ही कार्डांत लिहिलंस. पडद्यांच्या खालच्या दुमडीत शिशाची फीत घालून घे, म्हणजे ते मुकाट्याने लोंबतील. फीत मी पाठवतो. कारखान्यातून निवृत्त झालो तरी फाटकावरची माणसं मला अजून ओळखतात (निदान ओळखल्यासारखं करतात, आणि या वयात तेवढं पुरतं). तुझ्या कॉन्सुल मांजरालाही माझा नमस्कार सांग. तो घेणार नाही, हे माहीत आहे.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी एक वाक्य पुरं केलं की दुसरं तू करतेस. पत्रात तुला तसं करता येत नाही. शिवाय आज सांगायचं आहे ते लांबलचक आहे आणि त्यात मध्येच तू ओरडण्याच्या दोन-तीन जागा आहेत.

कार्डाच्या शेवटी तू विचारलं आहेस, 'मिना कधी पाठवतोस?' अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, नाताळची पहिली मेणबत्ती लागते त्या दिवशी, तुझी पंच्याहत्तरी, गल्लीतल्या सगळ्या बायकांना कॉफीचं आमंत्रण गेलेलं, पास्टरही येणार, आणि आईची मिना टेबलाच्या मधोमध बसणार असं तू सगळीकडे सांगून ठेवलेलं. पाळीही यंदा तुझीच. मला सगळं मान्य आहे. तर ताई, पहिली गोष्ट ही की मिना सुखरूप आहे. तिला एक ओरखडासुद्धा नाही. ती कोरड्या, उबदार जागी आहे, तिच्यासाठी खास वेगळा दिवा आहे आणि गणवेशातला एक माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावर नजर ठेवून असतो. कोटहाउस घराण्यात आजवर कुणाची एवढी बडदास्त राहिलेली नाही. दुसरी गोष्ट अशी की ती मला परत मिळत नाहीये. निदान वसंतापर्यंत तरी नाही. आता जरा टेकून बस आणि पुढचं वाच.

सगळं सुरू झालं ते जिन्यावरून. आमच्या वरच्या मजल्यावर फ्रांका नावाची मुलगी राहायला आली आहे, लाइपझिगची. डोक्याची एक बाजू भादरलेली आहे, पण स्वभाव गोड. जिना पुसायची पाळी कुणाची हे आपल्याकडे दाराच्या मुठीला लटकवलेल्या पाटीवरून कळतं, हे काही तुला सांगायला नको. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पाटी तिला आवडली. कुणीतरी स्वागताला भेट दिली असावी असं समजून तिने ती आत नेऊन भिंतीवर टांगली. पाटीच फिरेना म्हटल्यावर आमच्या जिन्याला कुणी वाली उरला नाही, आणि तळमजल्यावरच्या हाकेनबेर्गबाई (तू पाहिल्या होत्यास तशाच आहेत, फक्त जास्त) रोज दार उघडून धुळीकडे बघायच्या आणि दार लावून घ्यायच्या. तो दाराचा आवाज मला ऐकवेना. शेवटी मीच तिची पाळी पुसून काढली. आभार मानायला ती केक घेऊन आली. केक दुकानातला होता, पण मी काही बोललो नाही. पाहुणी आहे, नवी आहे, म्हणून मी मिना काढली.

माझी कॉफी पिऊन झाली, तिची निवून गेली, तरी पोरगी मिनाच्या तोटीकडे टक लावून बसलेली. (तुझ्या हूसुमच्या बायकांना आधीच समजावून ठेव: कथलाची, तीन पायांची, पोटाळ अशी ही किटली, तिला खाली नळासारखी तोटी, आणि तोटीत कॉफीचा गाळ अडकला की ती नीट बंदही होत नाही आणि नीट वाहतही नाही, थेंब थेंब गळत राहते. ती बिघडलेली नाही. आपल्या मुलखात पिढ्यानपिढ्या लोक ते गळणं थांबवायला बघताहेत आणि ती पिढ्यानपिढ्या गळते आहे.) फ्रांका म्हणाली, "आजोबा, ही कधीपासून अशी ठिबकते?" मी म्हटलं, "पोरी, माझ्या आजीच्या लग्नापासून." तर तिच्या डोळ्यांत पाणी! ती कलाकार आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं, केकची लाज वाटली असेल.

मग तिने विचारलं, प्रदर्शनासाठी ही देता का? आता ताई, तूच सांग, प्रदर्शन म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय येईल? काचेचं कपाट, शेजारी आजीच्या काळची इस्त्री आणि लोण्याची रवी, खाली छापील चिठ्ठी, 'कोटहाउस कुटुंबाच्या सौजन्याने'. माझ्याही आलं. मी चटकन हो म्हणालो. आई कथलाची भांडी घासायला वापरायची तोच पाला आणून मिनाला दुपारभर घासली, इतकी की तिच्या पोटात मला माझं नाक दिसायला लागलं. उद्घाटनाला काळा सूट घातला. हाकेनबेर्गबाईंना बरोबर घेतलं, कारण घेतलं नसतं तर पुढचं वर्षभर तो दाराचा आवाज ऐकावा लागला असता.

आपल्याकडचं हे नवीन संग्रहालय तू पाहिलेलं नाहीस. रंगाच्या जुन्या गिरणीत केलंय. आपण शाळेतून येताना नदी आज निळी की जांभळी यावर पैज लावायचो, ती गिरणी. आता आत सगळं पांढरं आहे. इतकं पांढरं की आपण आत शिरलो की आपणच डागासारखे वाटतो. दारातच कोट ठेवायच्या खिडकीतल्या बाईने माझी छत्री मागितली. मी म्हटलं, छत्रीचं मी काही वाईट करणार नाही. ती म्हणाली, "छत्रीचं नाही हो, चित्रांचं म्हणते मी." हाकेनबेर्गबाईंनी मात्र हातातली पर्स सोडली नाही. त्या बाईने पर्सकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि विषय सोडून दिला. पुढे जे काही झालं ते तिने तिथेच विषय सोडला म्हणून झालं.

मिनाच्या दालनापर्यंत पोचायला आधी बाकीची दालनं ओलांडावी लागतात. पहिल्यात एका पडद्यावर एक माणूस बटाटे सोलत होता. नुसता बटाटे सोलत होता, आणि पंधरा-वीस सुशिक्षित माणसं हात मागे बांधून बघत होती. मी लगेच पुढे निघालो, पण हाकेनबेर्गबाई तिथून हलेनात. मला वाटलं, यांना कला भिडली. शेवटी त्यांनी माझा कोपर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या, "सालं बघा केवढी जाड काढतोय! निम्मा बटाटा फेकला मेल्याने!" त्यावर शेजारची एक अनोळखी बाई म्हणाली, "मी तेच म्हणते मघापासून." मग दोघी मिळून बघत राहिल्या, आणि तो सुधारला नाही.

त्यापुढे एक अंधाराचं दालन होतं. काळा पडदा बाजूला करून आत जायचं, बाकावर बसायचं आणि कुणाच्या तरी श्वासाचा आवाज ऐकायचा. डोळे अंधाराला सरावल्यावर दिसलं, बाकावर आधीच एक माणूस बसला होता, अगदी ताठ, हात मांडीवर. मी त्याला प्रदर्शनातली वस्तू समजलो आणि जवळ वाकून नाकापासून बुटापर्यंत नीट निरखून घेतला. चांगलं केलं होतं काम, कानातले केससुद्धा सोडले नव्हते. तेवढ्यात तो शिंकला. बाहेर आल्यावर त्याने माझी माफी मागितली आणि म्हणाला की त्याला मीच वस्तू वाटलो होतो, म्हणून तो मला त्रास न देता बसला होता. भला माणूस. त्यालाही सर्दीच होती.

तिसऱ्या दालनाबद्दल मात्र थोडं मनापासून सांगतो. तिथे छतापासून जमिनीपर्यंत पांढऱ्या फितींच्या रांगाच रांगा सोडलेल्या आहेत आणि भिंतीवर नाव लिहिलंय, 'क्षितिज'. मी जवळ गेलो. ताई, ते इलॅस्टिक होतं! बायकांच्या आतल्या कपड्यांच्या कमरेचं, आमच्याच कारखान्यातलं, कडेला तो बारीक दातेरी काठ असलेलं. जन्मभर मी ते विणलं. गावात कुणी विचारलं तर 'वस्त्रोद्योगात आहे' म्हणायचो, आणि रेनाटेच्या आईने तर आमच्या लग्नाआधी तेवढ्यावरून नाक मुरडलं होतं. ते आता दिव्याखाली लटकलेलं आणि लोक त्याच्यासमोर आवाज खाली आणून बोलत होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू. दोन बोटांत धरून एक फीत जराशी ताणून पाहिली, तर अजून दम होता. लगेच कुठूनतरी पीं पीं वाजायला लागलं आणि मी बटाट्यांच्या दालनात पळालो.

आणि मग मिना. हॅम्बुर्गच्या एक उंच बाई तिथल्या संचालक आहेत. त्यांनी आधी भाषण केलं, त्यात काळ थांबला होता, काळ वाहत होता आणि आणखीही काळाचं काय काय चाललं होतं. मग दार उघडलं. दालनात काचेचं कपाट नव्हतं आणि चिठ्ठीही नव्हती. एक भलंमोठं लांब टेबल होतं, दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या, टेबलावर पांढरं दमास्कचं कापड, खळ घालून कडक इस्त्री केलेलं, आईच्या सणाच्या कापडासारखं. कप नाहीत, बशा नाहीत, चमचा नाही. मधोमध लोखंडी चौरंगावर आपली मिना, माझ्या पाल्याने लखलखलेली, पोटात गरम कॉफी. आणि तोटीतून एक थेंब आला, जरा लोंबला आणि थेट त्या पांढऱ्या शुभ्र कापडावर पडला. दालनातल्या आमच्या वयाच्या झाडून सगळ्या माणसांनी एकदम श्वास आत ओढला. दुसरा थेंब पडला. डाग पसरायला लागला. भिंतीवर नाव होतं, 'रविवार'.

हाकेनबेर्गबाईंचा चेहरा पांढरा पडला. "फ्रिडहेल्म, खाली बशी नाही."

"कला आहे बाई ती."

"कलेला बशी चालत नाही?"

याचं उत्तर मलाही हवं होतं. आणखी एक थेंब पडला. बाईंची पर्स उघडल्याचा खट्ट आवाज झाला आणि त्यांनी आतून काय काढलं असेल? ती स्पंजाची गुंडाळी, रबराची दोरी लावलेली, वर प्लॅस्टिकचं फुलपाखरू, जी आपल्या लहानपणी एकूणएक किटलीच्या नाकाखाली बांधलेली असायची! दुसऱ्यांच्या घरी कॉफीला जाताना त्या ती जवळ ठेवतात म्हणे, कारण लोकांचा काही नेम नाही. मी "अहो" म्हणेपर्यंत त्या जमिनीवरची रेघ ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. पीं पीं सुरू झालं. भाषणाला आलेली पाहुणेमंडळी मागे सरकली. बाईंनी शांतपणे चौरंगापाशी जाऊन मिनाच्या तोटीला ते फुलपाखरू बांधलं, दोरी ताणून बघितली आणि रुमालाने तिचं पोट पुसलं (माझ्या नाकाचा ठसा होता म्हणे).

रखवालदार धावत आला. साव्वास त्याचं नाव. आईबाप ग्रीसचे, पण तो आपल्या एल्बरफेल्डलाच जन्मला आणि बोलतो आपल्यापेक्षाही आपल्यासारखा. "बाई, मागे व्हा, रेघेच्या मागे व्हा!"

"मागे काय व्हा? डाग बघा तो! दमास्क आहे हा! थंड पाणी आणा आधी. गरम आणाल तर बसेल कायमचा."

साव्वासने इकडेतिकडे पाहिलं, संचालकबाई लांब आहेत याची खात्री करून घेतली आणि आवाज उतरवून म्हणाला, "मला काय सांगता बाई? काल मांडामांड चालली होती तेव्हा मीच खाली बशी ठेवली होती. घरून आणली होती. काढायला लावली हो त्यांनी."

मग काय, एकेकाचं बाहेर पडायला लागलं. दिवे लावायला आलेल्या वीजवाल्याने परवाच कुणी बघत नाही असं पाहून तोटी आवळून टाकली होती आणि कलाकृती बंद पडली म्हणून त्यालाच पुन्हा शिडीवर चढवलं होतं. माझी छत्री घेणारी ती बाई तर उद्घाटनाआधी मिठाची पुडी घेऊन चाचणीच्या वेळच्या डागाशी पोचली होती, रेघेपाशीच पकडली गेली (कापड मग बदललं). संचालकबाई हे सगळं ऐकत कपाळाला हात लावून उभ्या. म्हणाल्या, "मी आजवर कुठं कुठं काम केलं. लोक कलाकृतीवर ओरडतात, हसतात, एकदा तर एक जण थुंकला. पण कलाकृतीला मदत करायला धावणारी माणसं मला याच गावात भेटली." मला तो आपला सन्मान वाटला. त्यांना तो तसा वाटत नसावा.

मी फ्रांकाकडे बघायचं टाळत होतो. पोरीचं पहिलं मोठं प्रदर्शन, आणि आम्ही दोन म्हाताऱ्यांनी त्याचा विचका केलेला. बघतो तर ती टेबलाला धरून हसत होती आणि रडतही होती, हिला दोन्ही एकदम येतं. तिने हाकेनबेर्गबाईंना मिठी मारली. बाईंना मिठीची सवय नाही, त्या इस्त्रीच्या फळीसारख्या उभ्या राहिल्या, पण नंतर घरी येताना आपल्या त्या रुळाखाली लटकत्या गाडीत स्वतःहून म्हणाल्या, "मुलगी बरी आहे. जिन्याचं मी तिला समजावून सांगेन."

फुलपाखरू काढलं, कारण मिनाने गळायचं आहे हे ठरलेलं आहे. पण बशांचं काही थांबेना. 'कृपया बशी ठेवू नये' अशी पाटी लावली, तर ती वाचून ज्यांना सुचलं नव्हतं त्यांनाही सुचलं. लोक घरून बशा आणून गुपचूप भिंतीशी ठेवून जातात, निळ्या कांद्याच्या नक्षीच्या, सोनेरी काठाच्या, टवका उडालेल्या, कुणाच्या आईच्या, कुणाच्या मोडलेल्या संसारातल्या. फ्रांकाने त्या उचलून टेबलाच्या दोन्ही बाजूंना मांडायला सुरुवात केली, एकेका खुर्चीसमोर एक. एकीसारखी दुसरी नाही. आता त्या टेबलाकडे बघितलं की पाहुणे कोटच काढताहेत असं वाटतं. वर्तमानपत्रातही आलं आहे, कात्रण सोबत जोडलंय. फोटोत मिनाच्या मागे दिसतो तो माझा खांदा.

मी आता दर गुरुवारी जातो. मला तिकीट लागत नाही, 'किटलीचे आजोबा' म्हणून आत सोडतात. साव्वास डब्यातून बदामाचे ग्रीक लाडूसारखे काहीतरी आणतो आणि आम्ही दालनाबाहेर उभं राहून खातो (आत खायला बंदी आहे, आणि आम्ही दोघेही नियम पाळणारे). तो म्हणतो, त्याच्या आईची कॉफी एका मिनिटात उकळून एका घोटात संपायची, मग लोक बोलायचे कधी? मी त्याला सांगतो, आपल्याकडे कॉफी तोटीतून थेंबाथेंबाने येते, कप भरेपर्यंत कुणाला उठून जाता येत नाही, म्हणून तर मिना बनवली असेल. त्याला ते पटलं. मलाही बोलल्यावर पटलं. एकंदरीत मी मजेत आहे, ताई. रेनाटे गेल्यापासून गुरुवार मला अवघड जायचा, आता जात नाही.

आता तुझ्या पाळीचं. आईने ठरवून दिलं होतं, एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे, अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी हातोहात, एका टेबलावर बसून, कॉफी पिऊन. रेनाटेला मातीत ठेवलं त्या दिवसानंतर मात्र ती पार्सलने जाते आणि पार्सलने येते. (त्या दिवशी बटाट्याच्या सॅलडवरून आपलं जे वाजलं त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. मेयोनेज घालणारे आणि न घालणारे यांना देवाने एकाच देशात का ठेवलं हे त्याचं त्याला ठाऊक.) तू लिहितेस, गाड्यांचा भरवसा नाही, हॅम्बुर्गला पुढची गाडी चुकते. मी येतो म्हटलं तर लिहितेस, कशाला, वारा फार आहे. आपलं एकमेकांशी नाही, टपालखात्याशीच नातं उरलंय. तरी पाळी मी कधी चुकवली नाही. यंदाही संचालकबाईंकडे गेलो, तुझी पंच्याहत्तरी सांगितली, पास्टर येणार हेही सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. शब्द दिलेला आहे, प्रदर्शन वसंतापर्यंत आहे, मिना हलणार नाही. माझा नाइलाज आहे. तेव्हा यंदा पोर्सेलिनच्या किटलीवर भागव, बायकांना वर्तमानपत्रातलं कात्रण दाखव, आणि माझ्यावर रागावू नकोस.

तब्येतीला जप. कॉन्सुलला थंडीत बाहेर सोडू नकोस, आणि तूही जाऊ नकोस.

तुझा धाकटा,
फ्रिडहेल्म

ता.क. पडद्यांची रुंदी कळव, म्हणजे फीत नेमकी कापून पाठवतो. अंदाजे कळवू नकोस, तुझे अंदाज नेहमी कमी भरतात.

आणखी ता.क. पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर धरून पुन्हा उघडलं. संचालकबाईंनी मान हलवली असं वर लिहिलंय ते खोटं आहे. त्या म्हणाल्या, "कोटहाउससाहेब, किटली तुमची आहे, बहिणीचा वाढदिवस आहे, न्या की." फ्रांकाने तर ती स्वतः घरी आणून दिली, आपल्या लोकरी शालीत गुंडाळून. म्हणाली, टेबलावर तिची रिकामी जागा राहिली तरी चालेल, तेही छान दिसेल. मी माळ्यावरून पार्सलचा खोका काढला. आपला तोच खोका जातो-येतो, एकदा तुझ्या नावाचा कागद, त्यावर माझ्या नावाचा, त्यावर पुन्हा तुझ्या, इतके थर झालेत की पुठ्ठ्यापेक्षा नावंच जाड झालीत. ते बघून मला पॅक करवेना. म्हटलं, आधी एकदा कॉफी करू. मिनात थोडीशी कॉफी करता येत नाही हे तुला माहीत आहे, तिला पंगतच लागते. मी पूर्ण भरली, एक कप प्यालो, आणि बाकीची ठिबकत राहिली. समोर कुणी नव्हतं. सकाळी मिनाला मांडीवर घेऊन लटकत्या गाडीने गेलो आणि तिला त्या टेबलावर परत ठेवून आलो. साव्वासने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, इथेच राहू दे.

शेवटचं ता.क. मिना वर्षाआड येते ताई, एक ओरखडा न लागता येते. तू येत नाहीस. मला तुझी फार आठवण येते, आणि फोनवर ते सांगायला लागलो की तू हवामानाचं सांगतेस. संचालकबाईंशी बोलून ठेवलंय, अ‍ॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी दुपारपासून ते टेबल आपलं आहे. त्या दिवसापुरती खायला परवानगीही काढली आहे. हाकेनबेर्गबाई वॅफल करणार, भात-खीर आणि गरम चेरी मी करतो. पास्टरला आण, गल्लीतल्या सगळ्या बायकांना आण, खुर्च्या भरपूर आहेत. हॅम्बुर्गला गाडी चुकली तर त्याच्या पुढची घे, मी फलाटावरून हलणार नाही. आईने सांगितलं होतं तसं मिना मी तुझ्या हातात देईन. यंदा पार्सल येणार नाही. तू ये.